जरादुब्बल भिक्खूचा आधार : विनयपिटकातील एक उपेक्षित प्रकरण

जरा, व्याधी आणि मरण या तीन शब्दांशी बौद्ध वाचकाचा परिचय बालपणापासूनचा असतो. सिद्धार्थाने पाहिलेला वृद्ध, रुग्ण आणि मृतदेह यांची कथा विहारातील प्रवचनांत वारंवार येते. तथापि जरा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे सांगताना आपली वाणी एका ठिकाणी अडखळते. केस पिकतात, दात पडतात, पाठ वाकते, एवढे आपण सांगतो. वृद्धापकाळी अनेकांचा मलविसर्जनावरील ताबा सुटतो, शौचालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वस्त्र बिघडते, हे मात्र आपण सांगत नाही. प्राचीन भिक्खुसंघाने ते सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर त्याची व्यवस्था लावणारे नियम केले आहेत. त्या नियमांचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे वळण्यास आम्हांस एक निमित्त घडले. आमच्या विहारात दर रविवारी वंदनेस येणाऱ्या एक वयोवृद्ध उपासिका हळूहळू येईनाशा झाल्या. विचारणा केली की, पाय दुखतात, असे त्या सांगत. आम्हीही ते खरे मानीत असू. पुढे त्यांच्या सुनेने मोठ्या संकोचाने सांगितले, की आईंना आता शौचाचा ताबा राहत नाही. विहाराचे शौचालय इमारतीच्या मागे, तीन उंच पायऱ्या चढून आहे. तेथे जाताना वाटेतच एकदा त्यांचे लुगडे बिघडले आणि त्या दिवसापासून त्यांनी विहारात येणे सोडले. विनयपिटकाचे वर्ग चालविणाऱ्या आम्हांस ही गोष्ट दोन वर्षे कळली नाही. आम्ही जे शिकवीत होतो, त्यातच या प्रसंगाचे उत्तर होते, हे त्यानंतर ध्यानी आले.

साधनांविषयी थोडेसे

आमचा मुख्य आधार विनयपिटकाचा खंधक विभाग, म्हणजे महावग्ग आणि चुल्लवग्ग हा आहे. या ग्रंथांची रचना एका दिवसात झालेली नाही. अनेक पिढ्यांच्या मौखिक परंपरेतून ते सिद्ध झाले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लेखनिविष्ट झाले, अशी परंपरा आहे. म्हणून त्यांतील प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला, असा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु एखाद्या नियमाची गरज का पडली, हे सांगताना संघाने जी कारणे स्मरणात ठेवली, ती त्या संघाच्या जीवनाची साक्ष देतात, यात शंका नाही. मराठी वाचकांना हे साहित्य अपरिचित नाही. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९२६ साली ‘बौद्ध संघाचा परिचय’ लिहून विनयाचे हे दालन मराठीत उघडले. मात्र या दालनातील एक खोली, म्हणजे वच्चकुटी, अभ्यासकांनी बहुधा बाहेरूनच पाहिली.

वच्चकुटी आणि टेकण्याचा आधार

‘वच्च’ म्हणजे मळ आणि ‘वच्चकुटी’ म्हणजे शौचगृह. चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात या वास्तूची घडण टप्प्याटप्प्याने सांगितली आहे. भिक्खू आरामात वाटेल तेथे शौचाला बसत, त्यामुळे परिसर दूषित होई. तेव्हा एका बाजूस जागा नेमण्यात आली. जागा सखल असल्याने पाणी शिरे, म्हणून जोते उंच करून वीट, दगड किंवा लाकूड यांनी बांधण्यास अनुमती मिळाली. जोते उंच झाल्यावर चढणे अवघड झाले, म्हणून पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून भिक्खू पडू लागले, म्हणून कठडा आला. खड्ड्याच्या कडेला बसताना तोल जाई, म्हणून वरून जमीन करून मध्ये छिद्र ठेवण्यात आले. बसणे कष्टाचे होते, म्हणून पाय ठेवण्यासाठी पादुका आल्या.

या मालिकेतच एक लहानसा प्रसंग येतो. वार्धक्याने दुर्बल झालेला, मुळातील शब्दाप्रमाणे ‘जरादुब्बल’, असा एक भिक्खू शौच आटोपून उठताना कोसळला. ही गोष्ट भगवंतांच्या कानी घालण्यात आली आणि त्यांनी ‘ओलंबका’ची, म्हणजे हाताने धरून उठता येईल अशा आधाराची, अनुमती दिली. प्रसंग येथेच संपतो. त्या वृद्धाचे नाव ग्रंथात नाही. त्याने सावधपणे उठावयास हवे होते, असा उपदेश नाही. देहाच्या अनित्यतेवर प्रवचनही नाही. एक म्हातारा माणूस पडला, तेव्हा दोष त्याच्या देहात न शोधता वास्तूत शोधला गेला आणि वास्तू सुधारण्यात आली.

ज्या ग्रंथात पाराजिकासारख्या गंभीर दोषांची चिकित्सा आहे, त्याच ग्रंथात शौचगृहातील या आधारालाही स्थान आहे. संघाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुद्र नव्हती, असा आमचा निष्कर्ष आहे.

याच्याच जोडीला चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकातील एक नियम पाहण्यासारखा आहे. संघात आसन, वंदन आणि भोजन यांबाबत ज्येष्ठतेचा क्रम काटेकोरपणे पाळला जाई. शौचगृहाबाबतही भिक्खू तोच क्रम पाळू लागले. परिणाम असा झाला, की आधी येऊन थांबलेले नवीन भिक्खू वेग रोखून धरता धरता मूर्च्छित होऊन पडू लागले. तेव्हा येथे ज्येष्ठतेचा क्रम न ठेवता जो आधी येईल त्याने आधी जावे, असे ठरविण्यात आले. देहाच्या वेगाला मान-पान कळत नाही, ही साधी गोष्ट नियमाच्या रूपाने मान्य झाली.

सेखिय नियमांतही हीच दृष्टी आहे. भिक्खूने उभ्याने, हिरवळीवर किंवा पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये, असे हे नियम सांगतात. परंतु प्रत्येक नियमात ‘अगिलान’, म्हणजे जो रुग्ण नाही असा, ही मर्यादा घातलेली आहे. पाण्यासंबंधीच्या नियमाच्या कथेत असे म्हटले आहे, की आजारी भिक्खूंना आपल्या हातून दोष घडतो आहे या विचाराने मनस्ताप होऊ लागला, तेव्हा रुग्णासाठी हा अपवाद करण्यात आला. ज्याचा ताबा सुटला आहे, त्याला अपराधी ठरवावयाचे नाही, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे.

लज्जेचा प्रश्न : राजा आणि ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खू

या व्याधीचे खरे दुःख पुष्कळदा देहापेक्षा लज्जेचे असते. विनयपिटकाने तेही नोंदवून ठेवले आहे. मगधराज बिंबिसाराला भगंदर झाला होता. त्याची वस्त्रे रक्ताने डागळत. ती पाहून राण्या त्याची थट्टा करीत, की महाराजांना ऋतुस्राव होऊ लागला आहे, आता लवकरच बाळंतपणही होईल. राजा लज्जित झाला आणि त्याने ही गोष्ट आपला पुत्र अभय याला सांगितली. अभयाने जीवकाला पाठविले आणि जीवकाने नखावर औषध नेऊन एकाच लेपाने व्याधी बरी केली, अशी महावग्गाच्या आठव्या खंधकातील कथा आहे. उपचाराच्या वर्णनात कथेची अतिशयोक्ती असेल. परंतु वस्त्रावरील डागाने एका सम्राटाचीही मान खाली जाते, हे निरीक्षण मात्र खरे आहे. राजा बोलला म्हणूनच वैद्य आला, हेही विसरता कामा नये.

भगंदराच्या संदर्भात आणखी एक नियम येतो. राजगृह येथे आकासगोत्त नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्रक्रिया करीत होता. भगवंतांनी त्याला दोष दिला आणि गुह्यस्थानाच्या भोवती दोन अंगुळांच्या आत शस्त्रकर्म व वस्तिकर्म करवू नये, असा नियम केला. त्या जागेची त्वचा नाजूक असते, जखम भरून येणे कठीण असते आणि शस्त्र नीट चालविणे अवघड असते, अशी कारणे ग्रंथात दिली आहेत. आज भगंदरावर शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपचार आहे. त्यामुळे हा नियम आजच्या रुग्णाने लागू करावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु गुदद्वाराभोवतीच्या स्नायूला इजा झाल्यास मलावरील ताबा कायमचा जाऊ शकतो, हे भान आजचा शल्यचिकित्सकही बाळगतो. त्या जागेविषयीची प्राचीनांची काळजी निराधार नव्हती.

लज्जेची दुसरी बाजू किळसेची आहे आणि भारतात किळस ही जातीशी जोडलेली आहे. चुल्लवग्गात एका ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूचा प्रसंग आहे. शौचानंतर तो पाण्याने स्वच्छता करीत नसे. असल्या नीच, दुर्गंधी पदार्थाला हात कोण लावणार, अशी त्याची भावना होती. त्यासाठी त्याच्या तोंडी जो ‘वसल’ हा शब्द आला आहे, तोच शब्द त्या काळी हीन मानलेल्या माणसांसाठी वापरला जाई. स्वतःच्याच देहातून बाहेर पडलेल्या मळाला तो शूद्रासारखे वागवीत होता! परिणामी त्याच्या गुदद्वारात कृमी झाले. त्यानंतर पाणी उपलब्ध असताना शौच करून स्वच्छता न करणे हा दोष ठरविण्यात आला.

याला लागूनच वच्चकुटीचे आचारनियम येतात आणि आमच्या मते ते सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. शौचगृह मळलेले दिसले तर ते धुवावे, काष्ठांचे भांडे भरले असेल तर रिकामे करावे, केर असेल तर झाडावे, पाण्याचे भांडे रिते असेल तर भरून ठेवावे. कोणी मळविले, याची चौकशी नाही. हे काम अमुक कुळात जन्मलेल्याचे, असा शब्द नाही. जो जाईल त्याने करावे, एवढाच नियम आहे. ज्या देशात मैला उचलण्याचे काम जन्माने वाटून दिले गेले आणि ते बंद करण्यासाठी १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, त्या देशात दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा नियम वाचताना मन अंतर्मुख होते.

मलमूत्रात पडलेला भिक्खू

आता आपण सर्वपरिचित प्रसंगाकडे येऊ. एका भिक्खूला कुच्छिविकार, म्हणजे पोटाचा विकार, झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. कारण विचारता तो म्हणाला, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

ही कथा आपण वारंवार सांगतो, परंतु सांगताना तीतील मळ हळूच पुसून टाकतो. ‘एक भिक्खू आजारी होता’, एवढेच उरते. वास्तविक कथेचा सारा भार त्या मळावर आहे. ज्वर आलेल्या माणसाजवळ बसणे कठीण नसते. इतर भिक्खू ज्या कारणाने दूर राहिले, तेथेच भगवंतांनी हात घातला. पूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धाच्या करुणेचे वर्णन करताना रुग्णांविषयीच्या त्यांच्या आस्थेला जे स्थान दिले, त्याचे मर्म आम्हांस येथे दिसते.

रुग्णाने दिलेले कारणही विचार करण्याजोगे आहे. मी उपयोगी पडत नाही, म्हणून मला कोणी पाहत नाही. आज घरोघरी वृद्धांच्या मनात नेमकी हीच भावना असते. भगवंतांनी संघाला दिलेल्या समजुतीचा आशय असा होता, की तुमची सेवा करण्यास येथे माता नाही, पिता नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? सेवा ही पूर्वी केलेल्या उपकाराची परतफेड नाही, असा या उपदेशाचा अर्थ होतो. त्यानंतर उत्तरदायित्वाचा क्रम ठरविण्यात आला. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर शिष्याने रुग्ण बरा होईपर्यंत सेवा करावी. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावी. संघाने न केल्यास संघ दोषी. करुणेला येथे नियमाचे बळ मिळाले.

शुश्रूषा करणाऱ्याचे गुण आणि त्याचा हक्क

महावग्गात उपट्ठाकाचे, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णास काय हितकर व काय अहितकर हे त्याने ओळखावे. त्याने लाभाच्या अपेक्षेने नव्हे, मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. मळ, मूत्र, थुंकी वा वांती काढून टाकताना त्याला किळस वाटू नये. आणि प्रसंगी धम्मवचनांनी रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. किळस न वाटणे हा येथे स्वतंत्र गुण म्हणून मोजला आहे, म्हणजेच तो सर्वांना उपजत नसतो, प्रयत्नाने मिळवावा लागतो, हे संघाला ठाऊक होते.

रुग्णाचेही पाच गुण दिले आहेत. हितकर तेच करणे, प्रमाण जाणणे, औषध घेणे, दुःख सहन करणे आणि आपला आजार वाढतो आहे, घटतो आहे की तसाच आहे, हे सेवा करणाऱ्यास खरेखरे सांगणे. या शेवटच्या गुणाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. लपविणे म्हणजे सोसणे नव्हे. विनयाच्या दृष्टीने सोसणे हा गुण आहे आणि सांगणे हाही गुण आहे. दोन्ही एकाच रुग्णाच्या अंगी असावयास हवेत.

पुढच्याच प्रकरणात एक व्यावहारिक नियम येतो. भिक्खू मरण पावल्यास त्याच्या पात्र-चीवरांचा स्वामी संघ असतो. तथापि शुश्रूषा करणारे फार उपकारक असतात, असे म्हणून मृताचे पात्र व तीन चीवरे त्यांना देण्याची अनुमती भगवंतांनी दिली. एका रुग्णाची सेवा भिक्खू आणि सामणेर अशा दोघांनी केली, तेव्हा सामणेरालाही समान वाटा द्यावा, असे ठरले. लाभासाठी सेवा करू नये, हे सेवकाला सांगितले. आणि सेवकाचा वाटा बुडवू नये, हे संघाला सांगितले. हा तोल आम्हांस अतिशय महत्त्वाचा वाटतो. आज घरातील वृद्धांची अंथरुणे कोण बदलतो? बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी. ते तिचे कर्तव्यच आहे असे मानून तिच्या श्रमाची दखलही घेतली जात नाही. विनयाने सामणेराला जो समान वाटा दिला, तो आपण आपल्या घरातील स्त्रीला दिला आहे काय?

तथागतांचा अखेरचा प्रवास

वृद्ध देहाची ही अवस्था केवळ अनामिक भिक्खूंचीच होती, असे नाही. महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांच्या तथागतांचा अखेरचा प्रवास वर्णिला आहे. वेळुव गावी वर्षावासात त्यांना तीव्र व्याधी झाली. आपला देह आता पट्ट्यांनी बांधून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्यासारखा झाला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी आनंदाजवळ काढले. पुढे पावा येथे चुंद कर्मारपुत्राकडे भोजन झाल्यावर त्यांना ‘लोहितपक्खंदिका’, म्हणजे रक्ताचे जुलाब, सुरू झाले. त्या अवस्थेतच ते कुशीनाऱ्याकडे निघाले. वाटेत ते थकून झाडाखाली बसले, चीवराची चौपदरी घडी अंथरावयास सांगितली, पिण्यासाठी पाणी मागितले, ककुधा नदीत स्नान केले. या वाटेवर ते पंचवीस ठिकाणी विसावले, असे अट्ठकथेची परंपरा सांगते.

जुलाब होत असतानाच भगवंतांनी पुढे जाण्याचा मनोदय सांगितला, हे सुत्तातील गाथाकारांनी झाकून ठेवलेले नाही. आपल्या शास्त्याचा अखेरचा आजार हा पोटाचा, रक्ताच्या जुलाबांचा होता, हे सांगताना संघाला कमीपणा वाटला नाही. त्या आजारातही चुंदाला पश्चात्ताप होऊ नये म्हणून त्याचे समाधान करण्याची चिंता भगवंतांना होती. देहावरचा ताबा सैल होत असताना चित्ताची प्रतिष्ठा यत्किंचितही कमी होत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

उत्तरकालीन परंपरा

हा वारसा पुढे विहारांच्या भिंतींतच राहिला नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसे व पशू या दोहोंसाठी चिकित्सेची सोय केल्याचा आणि औषधी वनस्पती लावविल्याचा उल्लेख आहे. आठव्या गिरिलेखात धम्मयात्रेच्या वेळी वृद्धांची भेट घेऊन त्यांना द्रव्यसाहाय्य केल्याचे म्हटले आहे. या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे सापडला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. वृद्धांकडे राजाने स्वतः जावे, त्यांनी राजाकडे येण्याची वाट पाहू नये, हा त्या लेखाचा धडा आहे.

सह्याद्रीतील लेण्यांत दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, म्हणजेच शिलालेखांतील ‘पोढी’, विपुल आहेत. कान्हेरी, जुन्नर आणि नाशिक येथील दानलेखांत उपासक-उपासिकांनी लेण्यांसोबत पोढी दान केल्याचे उल्लेख येतात. जेथे दारापाशी पाणी आहे, तेथेच आनंदाप्रमाणे पाणी आणून रुग्णाचे अंग धुता येते, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

सातव्या शतकात ह्युएन त्संग श्रावस्तीस आला, तेव्हा अनाथपिंडिकाच्या आरामाच्या ईशान्येस त्याने एक स्तूप पाहिला. तथागतांनी रुग्ण भिक्खूचे अंग जेथे धुतले, ती ही जागा, असे त्याला सांगण्यात आले. धम्मचक्रप्रवर्तन आणि महापरिनिर्वाण यांच्या स्मारकांबरोबर मळात पडलेल्या एका माणसाला स्वच्छ केल्याचेही स्मारक आपल्या पूर्वजांनी उभारले होते. त्याच शतकाच्या अखेरीस नालंदेत राहून गेलेल्या इत्सिंगाने भारतीय भिक्खूंची शौचानंतरची स्वच्छता आपल्या देशबांधवांसाठी बारकाईने लिहून ठेवली. बाराशे वर्षांनंतरही विनयाचा हा भाग जिवंत आचार होता, हे त्यावरून दिसते.

आजचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. यांतील बहुसंख्य वृद्ध घरीच राहतात. मलावरील ताबा सुटणे ही त्यांच्यातील दुर्मिळ गोष्ट नाही. अमेरिकेत २००५-०६ साली झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत, घरी राहणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ८ टक्के आणि सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के व्यक्तींनी मागील महिन्यात निदान एकदा असे घडल्याचे सांगितले. तेथेही बहुतेक जण डॉक्टरांजवळ हा विषय काढीत नाहीत.

न सांगण्याने होणारे नुकसान मोठे आहे, कारण पुष्कळ वेळा यावर उपाय असतो. दीर्घकालीन बद्धकोष्ठात कठीण मळ आतड्यात साठून राहतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरचे लोक त्याला जुलाब समजून जुलाब थांबविण्याचे औषध देतात, त्याने त्रास अधिकच वाढतो. मधुमेह, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, स्त्रियांना बाळंतपणात झालेली जुनी इजा, काही औषधे, अशी इतरही कारणे असतात. काही वेळा आतड्यात दोष नसतोच. गुडघे आखडल्याने माणूस वेळेवर शौचालयापर्यंत पोहोचू शकत नाही, इतकेच. जेवणानंतर ठराविक वेळी शौचास बसण्याची सवय, आहारातील योग्य बदल, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, त्वचेची निगा, शौचालयात कमोड व धरण्यासाठी दांडी, यांनी अनेकांना आराम पडतो. मळातून रक्त जात असेल किंवा शौचाच्या सवयीत अचानक बदल झाला असेल, तर मात्र विनाविलंब वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

येथे एका शंकेचे निरसन करणे आवश्यक आहे. आमच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांवर गावाची घाण काढण्याची कामे जन्माने लादली गेली होती. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी असल्या हीन जिण्याचा त्याग करण्याची हाक दिली आणि आमच्या आजोबा-पणजोबांनी ती ऐकली. तेव्हा मळाला हात लावण्याची गोष्ट आम्हांस पुन्हा का सांगता, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वच्चकुटीच्या नियमांत आहे. एकाने घाण करावी आणि दुसऱ्याने जन्माने ती उचलावी, ही गुलामी होय. प्रत्येकाने आपापल्या पाळीने, आपल्या माणसासाठी ती उचलावी, हा संघधर्म होय. पहिली आपण नाकारली, ते योग्यच केले. दुसरा मात्र आपला वारसा आहे, आणि तो केवळ घरातील स्त्रियांवर सोपविणे म्हणजे नाकारलेली गुलामी मागल्या दाराने परत आणणे होय.

समारोप

विनयपिटकाची दृष्टी थोडक्यात सांगावयाची तर अशी : वृद्धाचा ताबा सुटणे हा त्याचा अपराध नाही, त्याने तो लपवू नये, वास्तू त्याच्या सोयीची असावी, सेवा ही सर्वांची पाळी असावी, आणि सेवा करणाऱ्याचा वाटा त्याला मिळावा. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. चुल्लवग्गातील त्या अनामिक भिक्खूला केवळ हाताने धरावयाचा एक आधार हवा होता.

आमच्या विहाराच्या शौचालयाच्या पायऱ्या आम्ही काढून तेथे उतार केला आहे. आत दोन्ही बाजूंस लोखंडी दांड्या बसविल्या आहेत, एक कमोड ठेवला आहे, आणि बादली व धुतलेली वस्त्रे ठेवण्यास एक फळी लावली आहे. स्वच्छतेची पाळी विश्वस्तांपासून सुरू होते. त्या उपासिकांच्या घरी जाऊन आम्ही हे त्यांना सांगितले आणि उशीर झाल्याबद्दल क्षमाही मागितली. त्या प्रथम काहीच बोलल्या नाहीत. मग दारापासून शौचालय किती पावलांवर आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही मोजलेले नव्हते. परत येऊन मोजले; बावीस पावले भरली. पुढील रविवारी त्या सुनेचा हात धरून आल्या आणि दाराजवळच्या जागेवर बसल्या. ती जागा आता त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते.

आपापल्या गावातील विहाराच्या शौचालयाकडे वाचकांनी एकदा वृद्धाच्या दृष्टीने पाहावे आणि जे वंदनेस येईनासे झाले आहेत त्यांच्या घरी जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे.